बाळंतपणाची कडू आठवण कशाने राहते?

बाळंतपण झाले की दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. काय झाले? आणि नॉर्मल की सिझर? दोन्हींची उत्तरे मिळाली की कोणी पेढे आणायला जातो, कोणी गावाकडे फोन लावतो. ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत’ एवढे कळले की मंडळींचा जीव भांड्यात पडतो, आणि तो पडावा यात वावगे काही नाही. पण आत खाटेवर पडलेल्या बाईला ‘तुला कसे गेले गं?’ असे विचारणारे माणूस क्वचितच भेटते.

कोणी विचारले नाही म्हणून ती विसरते असे मात्र होत नाही. अमेरिकेत गरोदर स्त्रियांचे वर्ग चालवणाऱ्या पेनी सिमकिन यांनी १९९१ साली एक छोटी पण फार बोलकी पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या वर्गातील वीस स्त्रियांनी पहिल्या बाळंतपणानंतर लगेच आपली हकिकत लिहून ठेवली होती. पंधरा-वीस वर्षांनी त्यांना पुन्हा विचारले, तेव्हा बहुतेकींच्या आठवणी जुन्या कागदांशी आश्चर्य वाटावे इतक्या जुळल्या. डॉक्टर व नर्स काय बोलल्या, कशा वागल्या, हे तर त्यांना काल घडल्यासारखे आठवत होते. मला याचे नवल वाटले नाही. पाळी जाण्याच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे पन्नाशीच्या बायका येतात. केसपेपरवर ‘बाळंतपणे किती, कशी झाली’ असा एक रकाना असतो, त्यासाठी मी विचारते. उत्तर एका शब्दात येईल असे वाटते आणि बाई बोलू लागते. ‘थोरल्याच्या वेळेला सिस्टरनं मांडीवर चापट मारली होती बघा,’ असे सांगणाऱ्या बाईचा थोरला आता स्वतः दोन मुलांचा बाप असतो.

आज या विषयावर लिहायचे ते त्यासाठीच. एकीला बाळंतपण जड जाऊनही ती ते समाधानाने सांगते. दुसरीचे कागदोपत्री अगदी सरळ झालेले असते, तरी ती पुन्हा त्या वाटेला जायचे नाव काढत नाही. हा फरक कशाने पडतो?

कळांचा दोष किती?

पहिले उत्तर सुचते ते वेदनेचे. बाळंतकळा म्हणजे जिवावरचे दुखणे, तेव्हा आठवण कडूच राहणार, असे आपण धरून चालतो. कॅनडातील एलेन हॉडनेट या संशोधक परिचारिकेने २००२ साली या विषयावरचे तोवरचे शंभरावर अभ्यास एकत्र करून तपासले. स्त्रीला आपल्या बाळंतपणाबद्दल काय वाटते ते मुख्यतः चार गोष्टींवर ठरते, असे त्यांना आढळले. तिने मनाशी काय अपेक्षा धरली होती, त्या वेळी तिला आधार किती मिळाला, काळजी घेणाऱ्यांशी तिचे नाते कसे जुळले, आणि निर्णयांत तिला सामील करून घेतले की नाही. वय, शिक्षण, पैसाअडका, एवढेच काय पण प्रत्यक्ष वेदनासुद्धा या चारांच्या मागे पडली.

म्हणून वेदनेचा काहीच वाटा नाही असे कोणी समजू नये. स्वीडनमध्ये उल्ला वाल्डेनस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २,५४१ स्त्रियांना बाळंतपणानंतर वर्षभराने विचारले. त्यांतील ७ टक्के स्त्रियांनी आपला अनुभव वाईट असल्याचे सांगितले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वेदना हे एक कारण होतेच. त्याच्या जोडीला ‘आपल्या हातात काहीच राहिले नाही’ ही भावना होती. अचानक करावे लागलेले सिझेरियन, कळा आणण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी दिलेले औषध, बाळाला दुसऱ्या विभागात हलवावे लागणे, नको असताना राहिलेला गर्भ, जोडीदाराचा आधार नसणे हीही कारणे होती. आणि एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. गरोदरपणाच्या तपासणीत जिला स्वतःचे प्रश्न विचारायला पुरेसा वेळ मिळाला नव्हता, तिचा अनुभव वाईट असण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे कडू आठवणीचे बी कधी कधी कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी, ओ.पी.डी.च्या रांगेतच पडलेले असते.

वेदना आणि भीती यांचे नाते शरीरातही आहे. इंग्लंडमधील डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ सालीच हे मांडले होते की भीतीने शरीर ताठते आणि ताठलेल्या शरीराला वेदना अधिक होते. आज आपल्याला त्यामागचे रसायनही ठाऊक आहे. माणूस घाबरला की रक्तात अ‍ॅड्रेनलीन वाढते. गर्भाशयाला कळा देणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक निवांतपणी चांगले स्रवते. घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावतात, वेळ लांबतो, मग सलाईनमधून औषध लावावे लागते, त्याच्या कळा जोरकस आणि एकामागून एक येतात, आणि ती आणखी घाबरते. गोठ्यातली गाय-म्हैस विणार असली तर आपण अनोळखी माणसाला तिकडे फिरकू देत नाही. बाईच्या बाबतीत हे शहाणपण कुठे जाते कोण जाणे.

‘सगळ्याच जणी जातात त्यातून’

आपल्याकडची पहिलटकरीण बाळंतपणाबद्दल काय ऐकून येते? डोहाळजेवण थाटात होते, फोटो निघतात, बर्फी की पेढा याची गंमत होते. पण प्रत्यक्ष काय होणार हे तिला कोणी सांगत नाही. आईला संकोच वाटतो. सासू म्हणते, ‘सगळ्याच जणी जातात त्यातून.’ उरलेले ज्ञान चित्रपटातले. तिथे बाई दोनदा किंचाळते आणि तिसऱ्या मिनिटाला बाळ रडते.

खरी गोष्ट अशी की पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्यापासून बाळ हाती येईपर्यंत बराच वेळ लागतो. सुरुवातीच्या सौम्य कळांचा काळ किती असावा याला काही ठरीव माप नाही. पिशवीचे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यानंतर खरा जोर धरतो, आणि तिथून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला साधारणपणे १२ तासांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी १० तासांपर्यंत लागू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ही मापे दिली. त्याआधी कित्येक वर्षे आम्ही डॉक्टर मंडळी तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने चालत होतो. अमेरिकेतील डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली पाचशे पहिलटकरणींच्या नोंदींवरून आलेख काढला होता, आणि तशा नोंदींवरून पुढे हा ठोकताळा रुळला. पण निरोगी बाईच्या शरीराला घड्याळ ठाऊक नसते. ताशी एक सेंटिमीटरपेक्षा हळू उघडणे एवढ्यावरून काही बिघडले असे मानू नये, असे त्याच २०१८ च्या शिफारशींत स्पष्ट म्हटले आहे.

हे तिला आधी माहीत नसले तर काय होते ते पाहा. पहाटे दोनला दवाखान्यात आलेली मुलगी सकाळी आठला ऐकते, ‘अजून तीनच बोटं.’ दुपारी बाराला ऐकते, ‘हिचं तोंडच उघडत नाही.’ तिला वाटते आपलेच काहीतरी चुकते आहे. बाहेर सासू म्हणते, ‘आमच्या वेळी नाही बाई इतका वेळ.’ पुढे बाळंतपण सुरळीत होते, तरी ‘मला नीट जमले नाही’ ही बोच तिच्या मनात राहून जाते. याउलट जिला आठव्या महिन्यात कोणी पाच मिनिटे बसून सांगितलेले असते की दिवस जाईल, रात्रही जाईल, मध्ये उलटी होईल, पाय थरथरतील, आता नको असे वाटेल आणि नेमके तेव्हाच बाळ जवळ आलेले असेल, ती तेवढाच त्रास सोसून वेगळ्या चेहऱ्याने बाहेर येते.

दाराआड एकटी

पूर्वी बाळंतपण घरी व्हायचे तेव्हा बाईभोवती सुईण, आई, काकू, शेजारीण अशी ओळखीची माणसे असायची. त्या काळचे गोडवे मी गाणार नाही. त्याच अंधाऱ्या खोलीत धनुर्वाताने बाळे गेली आणि रक्तस्रावाने बाया गेल्या. दवाखान्यातील बाळंतपणामुळे जीव वाचले आहेत, याबद्दल दुमत नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये शंभरातील सुमारे ६५ बाळंतपणे दवाखान्यात होत, २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण जवळजवळ ९५ झाले. २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांचे प्रमाण देशात ९७ होते, तर महाराष्ट्रात ३३. ही मोठी कमाई आहे.

पण घरातून दवाखान्यात येताना सोबतीची माणसे दाराबाहेर राहिली. लेबर रूमचे दार लागले की आत अनोळखी चेहरे, लोखंडी टेबल, शेजारच्या टेबलावरची दुसरी ओरडणारी बाई, आणि मध्ये पडदा असलाच तर असला. आयुष्यातल्या सर्वांत कठीण रात्री तिच्या हाताला धरायला ओळखीचा हात नसतो. माझ्या मते आपल्याकडील कडू आठवणींचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. आणि दूर करायला सर्वांत स्वस्तही हेच.

याला पुरावा आहे. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली २७ चाचण्यांचा, पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा, एकत्रित आढावा घेतला. जिच्याजवळ कळांच्या काळात सतत कोणी आधाराला होते, तिचे बाळंतपण आपोआप होण्याची शक्यता वाढली, सिझेरियन कमी झाले, वेळ थोडा कमी लागला, वेदनेची औषधे कमी लागली, आणि बाळंतपणाबद्दल वाईट भावना राहण्याचे प्रमाण घटले. असा गुण एखाद्या गोळीने दिला असता तर प्रत्येक दवाखान्यात तिचा खोका असता. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत कळांच्या काळात सोबतीण ठेवण्यास परवानगी देणारी मार्गदर्शक सूचना काढली. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातील स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपडे घालावेत, बाईजवळ पूर्ण वेळ थांबावे, डॉक्टर-सिस्टरच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा साध्या अटी आहेत. जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवऱ्यालाही परवानगी देता येते. गर्दीचे, जागेचे कारण सांगून ही सूचना अनेक ठिकाणी कागदावरच राहते. तेव्हा ती आपल्या वाचक भगिनींना तरी माहीत असावी.

सोबतीण मात्र नीट निवडावी. ‘आता कसं होणार गं’ म्हणून डोळ्याला पदर लावणारी जाऊबाई घरीच बरी. कमरेला हात फिरवणारी, घोट घोट पाणी पाजणारी आणि गप्प बसता येणारी मावशी असेल तर तिला गावाहून बोलावून घ्यावे.

शब्द आणि हात

आता लिहायला अवघड असे. कळा देणाऱ्या बाईला काही ठिकाणी जे ऐकवले जाते ते छापण्याजोगे नाही. आशय एवढाच की, तेव्हा कळले नाही का, मग आता कशाला ओरडतेस. हे वाक्य थोड्याफार फरकाने मला इतक्या जणींनी सांगितले आहे की ते आता पाठ झाले आहे. गरीब बाईला, फार लहान वयाच्या मुलीला, तिसरी-चौथी खेप असलेलीला, विशिष्ट जातीधर्माच्या किंवा पाड्यावरून आलेल्या बाईला ते जास्त ऐकावे लागते. मुलगी झाली की ‘परत मुलगीच’ हे शब्द कधी कधी टेबलावरच तिच्या कानी पडतात, टाके घालून व्हायच्या आत.

हा आपल्याच देशाचा दोष आहे असे नाही. २०१५ साली ३४ देशांतील ६५ अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. मारणे-चिमटणे, शिवीगाळ, भेदभाव, संमतीवाचून तपासणी, दुर्लक्ष हे सर्व जगभर कमीअधिक सापडते. त्याआधी २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीच्या वेळी होणारा अनादर व छळ थांबवण्याबद्दल जाहीर निवेदन काढले होते. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात लेबर रूमची स्वच्छता व साधनसामग्री यांच्या जोडीला स्त्रीला सन्मानाने वागवण्याचाही समावेश आहे.

कर्मचारी असे का वागतात? रात्रपाळीला दोन सिस्टर आणि टेबलांवर पाच जणी, हे चित्र मी पाहिले आहे. दमलेले माणूस खेकसते. शिवाय ‘ओरडल्याशिवाय बाई जोर लावत नाही’ असा एक समज शिकताना वरच्यांकडून खालच्यांकडे येतो. तो खोटा आहे. खेकसण्याने बाईचा घसा आवळतो, जोर वाढत नाही. कामाचा ताण हे कारण समजून घेता येईल, पण त्याने चापटीचे समर्थन होत नाही. त्याच रात्रपाळीत, तेवढ्याच गर्दीत, बाईच्या कपाळावर हात ठेवून ‘ताई, झालंच बघ आता’ म्हणणाऱ्या सिस्टरही मी पाहिल्या आहेत, आणि त्यांची टेबले लवकर मोकळी होतात.

हातांचेही तसेच. आतून तपासणी ही गरजेची आहे, पण सारे ठीक असेल तर जोरदार कळांच्या काळात दर चार तासांनी पुरते. दर तासाला वेगळ्याच माणसाने, काही न सांगता, पडदा न ओढता तपासले तर बाईला आपण माणूस नसून वस्तू आहोत असे वाटू लागते. ‘आता तपासते हं, थोडं दुखेल, थांब म्हणालीस तर थांबेन’ एवढे बोलायला दहा सेकंदही लागत नाहीत. बाळ खाली यावे म्हणून वरून पोट दाबणे ही जुनी खोड अजून गेलेली नाही. तिने गर्भाशय फाटण्यापर्यंत इजा होऊ शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती करू नये असे सांगितले आहे. प्रत्येक बाईला काप देणे, सरसकट केस काढणे, एनिमा देणे यांचीही शिफारस नाही. काप द्यावाच लागला किंवा जखम झाली तर टाके घालण्याआधी जागा बधिर करण्याचे इंजेक्शन दिलेच पाहिजे. ‘कळांपुढे टाक्यांचं काय कळतंय’ हे बोलणाऱ्याला टाके पडलेले नसतात.

या वागणुकीची किंमत केवळ मनाची नाही. काही वर्षांपूर्वी रात्री अडीचच्या सुमारास एका बाईला जीपमधून आणले. तिसरी खेप. बाळ घरीच झालेले, वार अडकलेली, अंगावरचे लुगडे रक्ताने भिजलेले, नाडी हाताला लागत नव्हती. दवाखाना घरापासून फार लांब नव्हता आणि कळा संध्याकाळपासून होत्या. वार काढली, जिल्ह्याहून रक्ताच्या बाटल्या आल्या, ती वाचली. तिसऱ्या दिवशी मी विचारले, ‘का गं थांबलीस घरी?’ ती म्हणाली, ‘मागल्या वेळेला जिथं झाली, तिथं सगळ्यांदेखत उघडी टाकली होती मला. म्हटलं मरेन, पण तसल्या टेबलावर परत चढायची नाही.’ कागदावर या घटनेची नोंद ‘दवाखान्यात येण्यास उशीर’ अशी होते. उशिराचे कारण लिहायला तिथे रकाना नाही.

सही कोणाची?

राष्ट्रीय पाहणीप्रमाणे २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात शंभरातील सुमारे २५ बाळंतपणे सिझेरियनने झाली. त्यांतील कित्येक जीव वाचवणारी होती, आणि काही टाळता आली असती. तो वाद आज नको. अनुभवाच्या दृष्टीने पाहिले तर ठरवून केलेल्या सिझेरियनपेक्षा ऐन वेळी घाईने केलेले सिझेरियन मनाला जास्त लागते. बाळाचे ठोके मंदावतात, धावपळ होते, स्ट्रेचर पळते, बाहेर नवऱ्याची सही घेतली जाते. जिच्या पोटावर सुरी चालणार तिला मात्र काय चालले आहे ते कोणी सांगितलेले नसते. ‘मला वाटलं बाळ गेलं, म्हणून सगळे गप्प आहेत,’ असे एकीने मला सांगितले. बाळ चांगले तीन किलोचे होते.

कायद्याचे सांगायचे तर शुद्धीवर असलेल्या सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती लागते आणि तीच पुरते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिल्लीतील एका प्रकरणात हे स्पष्ट केले. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवरून काढले गेले होते. ती संमती ग्राह्य नाही, असा निकाल झाला. नवऱ्याला विश्वासात घ्यावे, जरूर घ्यावे, पण आधी तिला. घाई असली तरी ‘बाळाचे ठोके कमी होताहेत, दहा मिनिटांत ऑपरेशन करून बाळ बाहेर काढते, तू शुद्धीवर राहशील, रडणं तुला ऐकू येईल’ हे स्ट्रेचर ढकलता ढकलता सांगता येते.

घरी गेल्यावर

बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाचच रडू येते, ते दहाबारा दिवसांत ओसरते. याला घाबरू नये. पण दोन आठवड्यांच्या पुढेही उदासी, बाळाबद्दल काहीच न वाटणे, बाळ झोपले असतानाही झोप न येणे, जगू नये असे वाटणे, हे चालू राहिले तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. भारतातील अभ्यासांच्या २०१७ सालच्या एकत्रित आढाव्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के आढळले. याशिवाय आणखी एक प्रकार आहे, तो आपल्याकडे फारसा ओळखला जात नाही. भूकंपातून किंवा अपघातातून वाचलेल्या माणसाला होते तसे काही बाळंतिणींना होते. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो, स्वप्नात दचकायला होते, त्या दवाखान्याच्या रस्त्याने जाववत नाही, नवरा जवळ आला तरी अंग आक्रसते. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांवरून शंभरात सुमारे चार जणींना हे होते. महिना उलटूनही असे होत असेल तर डॉक्टरांना सांगावे. ‘टेली मानस’ ही सरकारी मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येते.

घरच्यांनी एक पथ्य पाळावे. बाईने बोलायला सुरुवात केली की ‘झालं ना आता, बाळाकडे बघ’ असे म्हणून तिला गप्प करू नये. डिंकाचे लाडू आणि शेकशेगडीइतकेच ते ऐकणे गरजेचे आहे.

दुसऱ्या खेपेची धास्ती

पहिला अनुभव वाईट असलेल्या काही जणी दुसऱ्या वेळी दिवस राहिल्याबरोबर म्हणतात, ‘डॉक्टर, या वेळी सिझरच करा.’ काही जणी गर्भ ठेवायलाच तयार नसतात. त्यांना हसू नये, रागावूही नये. अशी बाई आली की मी मागचे डिस्चार्ज कार्ड मागते आणि तिच्याबरोबर ते वाचते. त्या रात्री काय घडले, केव्हा घडले, का केले असावे, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगते. पुष्कळदा तिने ‘मी जोर लावला नाही म्हणून चिमटा लावला’ असे मनात धरलेले असते, आणि कागदावर बाळाची मान वाकडी होती असे लिहिलेले असते. चार वर्षे वाहिलेले ओझे कधी कधी तेवढ्याने उतरते. मग पुढचे ठरवता येते. सोबतीला कोण, वेदनेसाठी काय करायचे, पाठीतल्या इंजेक्शनची सोय आहे तिथे जायचे का, फेऱ्या मारायला आणि कुशीवर पडायला मोकळीक मिळेल का, लेबर रूम आधी एकदा बघून यायची का. हे सारे झाल्यावर बऱ्याच जणी नॉर्मलला तयार होतात. ज्या होत नाहीत त्यांना सिझेरियनचे धोके सांगते, विशेषतः पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणावर चिकटण्याचा, आणि तरीही त्यांचा निर्णय कायम असेल तर तो मानते.

तेव्हा ज्यांना अशी धास्ती आहे त्यांनी मागच्या बाळंतपणाचे कागद शोधून ठेवावेत, सापडत नसतील तर त्या दवाखान्याकडून नक्कल मागावी, आणि शक्यतो पाचव्या-सहाव्या महिन्यातच आपल्या डॉक्टरांना दाखवावेत. ओ.पी.डी.ची गर्दी ओसरायच्या वेळी जावे, म्हणजे बसून बोलता येते.